रुमाल

तीन नंबरच्या लॅबमध्ये यंत्रं चाळीस,
परवाने पंचवीस.
हे गणित मी केलेलं नाही,
मी नुसता वाढपी.
पंगत एकच, पाट मोजके,
उरलेल्यांनी भिंतीला टेकायचं
आणि कोण हात धुवायला उठतंय ते बघायचं.

सोहारला सप्टेंबरात संध्याकाळी सातलाही
दाराची मूठ चटका देते.
आत मात्र एसी असा, की मुली अबायावर
स्वेटर चढवून पुलांचे आराखडे काढतात.
मी कोपऱ्यात. माझ्यापुढं यादी:
कोण बसलंय, कधीपासून, किती वेळ हललेलं नाही.
तीस मिनिटं माउस हलला नाही
की जागा काढून घ्यायची, असा नियम.
नियम मीच लिहिलाय इंग्रजीत,
शेजारी खलफाननं केलेलं अरबी भाषांतर,
जे माझ्यापेक्षा बरंच नम्र आहे म्हणतात.

जिन्याखालच्या खोलीत एक जुनं यंत्र आहे.
बारा वर्षांचं. काहीच करत नाही.
पण परवान्याची फाइल बांधलीय
त्याच्या पोटातल्या एका कार्डाच्या नंबराला,
म्हणून त्याला भंगारात देता येत नाही.
गुरुवारी मी त्याची धूळ पुसतो.
पंखा घरघरतो, कशेडी घाट चढणाऱ्या गाडीसारखा.
आम्ही दोघं एकाच वर्षी इथं आलो.
यावर मी फार विचार करत नाही.

आज यादीत सतरा नंबर खटकला.
चार तास, आणि एकदाही उसंत नाही.
रय्या मुक्बाली.
जाऊन पाहिलं तर खुर्ची रिकामी,
पडद्यावर अर्धा बंधारा,
बाण जागच्या जागी थरथरतोय.
माउस उचलला.
खाली मनगटी घड्याळ.
काचेमागं सेकंदकाटा चाललाय
आणि माउसच्या लाल डोळ्याला वाटतंय
कुणीतरी काम करतंय.

मी हसलो, एकटाच, मोठ्यानं.
एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून
जागा धरणारी आमची जात.
रुमाल, छत्री, एकदा तर चुलतभावाची चप्पल,
पण घड्याळ?
घड्याळ कधी सुचलं नव्हतं.

दारात मुजतबा उभा, सुदानचा,
पाठीवरची सॅक न उतरवता.
‘सर, सीट?’
सकाळी आठला त्याचं सादरीकरण,
घरी लॅपटॉप एक, भाऊ तिघं.
नियम स्पष्ट होता.
बोट बटणाशी गेलंही होतं.
पण बंधाऱ्याच्या नावापुढं चांदणी दिसली,
म्हणजे अजून सेव्ह न केलेला;
काढला असता तर वाहूनच गेला असता.

पंचविसावी जागा माझ्या नावावर राखीव असते.
चाचणीसाठी, असं मी ऑडिटला सांगतो.
खरं तर डबा संपला की तिच्यावर
मी एक घर काढत बसतो. चार वर्षं झाली.
जिन्यापाशी अडलोय:
पायऱ्या किती, हे आता
गुडघ्यांना विचारूनच ठरवावं लागेल.
घर मिटलं. जागा सोडली.
मुजतबाच्या पडद्यावर हिरवा ठिपका आला
आणि त्यानं एकदाची सॅक खाली ठेवली.

मग सतरा नंबरवर परत गेलो,
माउस घड्याळावर ठेवला,
काटा बरोबर डोळ्याखाली येईल असा.

साडेआठला ती धावत आली,
हातात कुणाच्या तरी एक्स-रेचं पाकीट.
बसायच्या आधी माउसकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
मी नूतनीकरणाची कोटेशनं चाळत होतो,
तीन हवीत, आलंय एक,
आणि माझ्या रेसिडेन्ट कार्डाची तारीखही
त्याच महिन्यात पडते.

‘घड्याळ चार मिनिटं मागं आहे,’ मी मान वर न करता म्हणालो.
‘माहीत आहे,’ ती म्हणाली,
आणि आधी फाइल सेव्ह केली.