सत्यप्रतिज्ञेवर

मी, शालन विनायक ठोंबरे, वय अडुसष्ट,
धंदा... इथे टायपिस्ट थांबतो. 'गृहिणी लिहू?'
'निवृत्त लिहा. बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात होते.'
तो बॅकस्पेस दाबतो
आणि मी निवृत्त होते.

शिवाजीनगर कोर्टाच्या कडेला, झेरॉक्सच्या टपरीशेजारी.
शंभराचा स्टॅम्प आता नाही, पाचशेचाच घ्या म्हणाले.
घेतला.
केतकीनं मजकूर पाठवलाय,
'आई, शब्दशः हाच. तुझं काही घालू नकोस.'

तिचं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं. अटीचं.
निहारचंही. त्याला नववं लागलंय, अट म्हणजे काय विचारतो.
मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत
नवराबायकोनं मिळून सांगायचं
की आम्ही नवराबायको आहोत.
मग कागद जोडायचे. एकत्र खातं, भाडेकरार,
गाडीचा विमा, दोघांचे फोटो,
वेगवेगळ्या ऋतूंतले.
फोटो कमी पडतायत.
श्रीरंगला फोटोत हसता येत नाही,
समुद्राकाठीही तो पासपोर्टसाठी उभा राहिल्यासारखा.

आणि दोन माणसं हवीत, ज्यांना हे लग्न
स्वतःच्या माहितीवरून ठाऊक आहे.
एक त्यांचा शेजारी. एक मी.

स्वतःच्या माहितीवरून मला काय ठाऊक आहे?

की गेल्या मार्गशीर्षात तीन आठवडे ते बोलत नव्हते.
केतकी नाही बोलली. निहार म्हणाला,
'आजी, सध्या आमच्याकडे सगळं माझ्यामार्फत चालतं.
मीठ दे, हेसुद्धा.'
की चौथ्या आठवड्यात, इथल्या पहाटे साडेचारला, श्रीरंगचा फोन.
मी धडपडत उठले, चष्मा न लावताच.
'आई, तिला ताप आहे, मेतकूट-भात मागतेय,
डब्यांवर तुम्ही काहीच लिहिलेलं नाही,
यातलं मेतकूट कुठलं आणि बेसन कुठलं?'
म्हटलं, वास घे.
तो बराच वेळ वास घेत होता.
मला ऐकू येत होतं.

हे कुठल्या रकान्यात?

इथून हाकेच्या अंतरावर फॅमिली कोर्ट.
सात वर्षांपूर्वी याच केतकीबरोबर तारखांना यायचे.
तेव्हा मोडलंय हे दाखवायचं होतं,
त्यालाही कागदच लागले,
आणि तेव्हाही मी.
दीड वर्षाचा निहार माझ्या कडेवर,
वकिलाच्या पांढऱ्या बँडला हात घालत.
त्या सहीला माझा हात थरथरला नव्हता.
आज कशाला थरथरतोय?

टायपिस्ट वाचून दाखवतो,
'...तेव्हापासून उभयता व मुलगा एकत्र सुखाने नांदत आहेत.'
'सुखाने काढा,' मी म्हणते.
तो मान वर करतो. 'मॅडम, सगळे ठेवतात.'
'नुसतं नांदत आहेत.'
चाळीस वर्षं मीही नांदले.
त्या शब्दात भांडण बसतं, ताप बसतो,
मुलामार्फत मागितलेलं मीठ बसतं.
सुखाने म्हटलं की दार लावून घेतल्यासारखं होतं.
याचं इंग्रजी तिकडे कुणीतरी करणार,
भाषांतर खरं आहे म्हणून तोही सही देणार.
नांदण्याला काय शब्द घालेल देव जाणे.

नोटरी विचारतो, 'वाचलंत ना?'
आणि उत्तराआधीच शिक्का.

बसस्टॉपवर बसून फोटो पाठवला.
केतकीचं लगेच, 'आई, एक शब्द गळलाय.'
'गळला नाही.'
वर 'टाइप करतेय' दिसलं. गेलं. पुन्हा दिसलं.
तिकडे रात्रीचे दीड वाजले असतील.
निकालाला वर्षही लागेल, दोनही,
तोवर संपलेलं कार्ड आणि मुदतवाढीचं एक पत्र,
ते जपायचं.
या दिवाळीला येणं नाही, हे न विचारताच कळलं.

सहकारनगरची बस आली तेव्हा
निहारचा आवाज, झोपेतून उठलेला,
'आजी, त्यात माझंपण नाव घातलंस ना?'

घातलंय रे.
तिसऱ्या ओळीत.