दहाव्या हिश्शाचे अकरा वाटे

डिसेंबर लागला की डोरिंडा तिकीट आणते.
आख्खं नाही, त्याचा दहावा हिस्सा,
आणि त्या हिश्शाचे आम्ही अकरा वाटे करतो.
वीस युरो भागिले अकरा. भाग कधीच पुरा जात नाही.
प्रत्येकीचा एक ऐंशी, आणि वर उरलेले वीस सेंट
ओब्दुलिया घालते.
घालते आणि वर्षभर ऐकवते.

साडेदहाच्या सुट्टीत, कारखान्याच्या मागच्या पायरीवर,
कॉफीच्या कपांभोवती बारा हजार डब्यांचे हात गुंडाळून
आम्ही पैसे खर्च करायला बसतो.
शिंपले अजून समुद्रात,
आणि इकडे मसाल्यावरून भांडण.

डोरिंडाला दात हवेत. वरचे सगळे.
पलीकडे पोर्तुगालात स्वस्त मिळतात तसले नकोत,
इथलेच, महागाचे,
आणि मग म्हणे मी फोटोग्राफरकडे जाईन,
नुसती हसायला.

साबेला सगळ्यांत धाकटी. तिला हा कारखानाच विकत घ्यायचाय.
आम्हाला वाटलं, टाळं ठोकेल.
नाही म्हणाली, बंद कशाला?
खुर्च्यांना पाठी लावेन.

इरियाकडे यादी असते,
कोणाकोणाला एक छदाम द्यायचा नाही त्यांची.
गेल्या साली चौदा नावं होती.
त्यातली दोन वारली,
तीन वाढली.

बाल्बिना एकच मागायची, वर्षानुवर्षं:
पोरगा परत यावा.
झुरिकला कुणाच्या तरी हॉटेलात भांडी घासतो,
तिथला पगार इथे बसून देता आला
तर येईल की नाही?
येईल, येईल, आम्ही म्हणायचो,
आणि आपापल्या वाट्यातून
तिला थोडं थोडं देऊन टाकायचो.
उदार होतो आम्ही. सकाळी साडेदहाला फारच.

मग या एप्रिलमध्ये तो आलाच.
लॉटरी न लागता. हॉटेल बंद पडलं म्हणून.
दुपारी बारापर्यंत झोपतो,
उठला की फ्रिज उघडून उभा राहतो,
जणू आत कोणी हाक मारलीय.
यंदा पायरीवर बाल्बिनाची पाळी आली.
ती कपात बघत बसली बराच वेळ.
म्हणाली, जास्त नको.
त्याला परत पाठवता येईल,
एवढे लागले तरी पुरे.

माझं विचाराल तर माझं बदलत राहतं.
कामाला लागले त्या साली
समुद्र दिसेल असं घर मागितलं होतं.
केवढ्या हसल्या!
समुद्र इथे संडासाच्या खिडकीतूनही दिसतो.
पुढे एका मार्चमध्ये माणूस बोट घेऊन गेला तो गेलाच.
त्या डिसेंबरला मी म्हटलं,
समुद्र दिसणार नाही असं घर.
तेव्हा कोणी हसलं नाही.
ओब्दुलियाने साखर पुढे सरकवली,
मी घेत नाही हे माहीत असून.

आता मी गुडघा मागते. डावा.

बावीस तारखेला रेडिओ लावतात, पट्टा मात्र थांबत नाही.
तिकडे माद्रिदला पोरं आकडे गात असतात,
कोवळ्या, कंटाळलेल्या आवाजात,
आणि इकडे आपण डब्यात शिंपले निजवत असतो,
पोट वर, एकाला एक चिकटून,
वरून तेल, व्हिनेगर, लाल मिरचीची पूड.
आमच्या आकड्याच्या शेवटी सात आहे.
कुठेही सात आला
की अकरा जोड्या हात
एक शिंपला उशिरा ठेवतात.
मुकादमाला हे कळतं. तो पाठ करून उभा राहतो,
त्याचंही एक तिकीट आहे.

नाही लागला.
डोरिंडाने ओठ मिटले, सवयीने.
झाकणं बसवणाऱ्या यंत्राचा आवाज
पुन्हा मोठा झाला.

ओब्दुलियाला काय हवंय हे कधी कोणी विचारलं नव्हतं.
हातमोजे काढताना तिनेच सांगितलं:
जणी आल्या, गेल्या, वाटे अकराच राहिले.
तेवीस वर्षांचे चार युरो साठ सेंट
तुमच्याकडून यायचेत.
लागली असती
तर कापून घेणार होते.