घड

चिठ्ठ्या यावलला काढल्या, पंचायत समितीत,
चहाच्या ट्रेमध्ये.
पोरांच्या नव्हेत, शाळांच्या.
सातपुड्याच्या पायथ्याच्या वीस शाळा:
दहांना लोहाच्या गोळ्या आत्ता, दहांना पुढच्या वर्षी.
आंबापाटी पुढच्या वर्षीच्या ढिगात गेली.

मी बोटं टोचणारा, फैजपूरचा.
आंबापाटीत चाळीस पोरं, चाळीस थेंब,
वहीत आकडे: नऊ पूर्णांक दोन, नऊ पूर्णांक चार,
नऊ, पुन्हा नऊ पूर्णांक दोन.
जरीना तडवी बोट चोखत वहीत डोकावली,
"सगळासनं रगत सारखंच शे का, सर?"

जळगावला नेहेते मॅडमनी पानं चाळली,
कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला.
"एका शाळेतल्या पोरांचं साम्य बारा शतांश धरा.
चाळीस भागिले पाच पूर्णांक अडुसष्ट.
ही चाळीस नाहीत हो. सात आहेत."

सात.
भुसावळ येईपर्यंत एसटीत तेच.
कोणती सात?
खुमसिंग, जो सुई दिसण्याआधीच रडला?
की त्या जुळ्या, ज्यांनी एकमेकींचं बोट पुढे केलं?

बाप माझा जन्मभर केळी कापायचा दुसऱ्यांच्या बागेत.
फणीतलं एक दाबायचा
आणि पुढच्या घडाकडे जायचा.
बाकीची काय वेगळं सांगणार,
एकाच खोडाची, एकाच नळीच्या पाण्याची.
चौथीत शाळा सुटलेली त्याची. मॅडमचं बोलणं
त्याला मान हलवण्याइतकं तरी कळलं असतं.

पुढच्या खेपेला मी टोचता टोचता बघत राहिलो.
हातपंप एक, दांडा सुतळीने बांधलेला.
खिचडी सुमनबाईंची, शुक्रवारी मीठ जास्त.
गुरुजी एकच, दोन्ही वर्गांना,
आणि त्यांचा खोकला आता सगळ्यांना.
बारा शतांश, म्हणजे हे
पंपाच्या ओल्या ओट्यावर अनवाणी रांगेत उभं असलेलं.

मॅडमना फोन लावला, टेकाडावर चढून, रेंजसाठी:
इथंच अजून तीस पोरं आहेत, तीही टोचू का?
"नको. अजून एक शाळा शोधा."

म्हणून उद्या नाल्यापलीकडे जायचं, मोटरसायकल ठेवून.
वहीत ओळी मात्र चाळीसच आहेत,
मी एकही खोडलेली नाही.
एकोणिसावी जरीनाची.
तिला उत्तर द्यायचं राहिलंय:
सारखं नाही गं. पण
वेगळंही म्हणता येत नाही.