रंग कथा गया

बोरीकाठच्या आमच्या रंगखान्याची मोरी
वार बघून रंग बदलते.
सोमवारी निळी, बुधवारी हिरवट,
लग्नसराईत सगळा आठवडा लाल.
नाल्यापलीकडची पोरं तिच्यावरून सांगतात
आज कुठल्या गिऱ्हाइकाचा माल चढलाय.

त्या मोरीचं पाणी कॅनमध्ये भरून
मी कॉलेजात नेते, स्कूटीच्या पायाशी ठेवून.
एकदा टोलनाक्याजवळ झाकण निसटलं.
तेव्हापासून माझी उजवी चप्पल निळी आहे.

हिलालअण्णांच्या वावरातून आणली पऱ्हाटी.
वेचणी संपलेली, बोंडांची नुसती टरफलं,
बांधाला रास रचून अण्णा काडी ओढणार
तेवढ्यात मी पोचले.
"ली जाय माय," म्हणाले,
"आते चुल्हामा बी कोनी घालत नही."

लोटनभाऊंनी ती कुटली, चाळली,
धुतली, इतक्यांदा धुतली
की धुण्याचं पाणी चहासारखं यायचं थांबलं.
मग ओव्हनमध्ये रात्रभर.
सकाळी दार उघडलं तर सगळ्या प्रयोगशाळेत
मे महिन्यातल्या वखरलेल्या वावराचा वास.

चंचुपात्रात निळं पाणी. चिमूटभर भुसा.
ढवळत राहायचं.
पाचव्या मिनिटाला काही नाही.
विसाव्याला निळं जरा ओशाळलं.
तासाने गाळलं, तेव्हा काचेपलीकडे
लोटनभाऊंचा शर्ट दिसला,
शर्टाचा खिसा, खिशातलं पेन,
पेनाचं चावलेलं टोपण.

ह्याला अधिशोषण म्हणतात.
शोषण नव्हे, मी वर्गात दोनदा सांगते.
शोषणात आत ओढून घेतात,
इथे फक्त अंगावर बसू देतात.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
"म्हणजे ओटीवरचा पाहुणा, मॅडम."
परीक्षेत तिने तेच लिहिलं.
अर्धा मार्क दिला. अजून टोचतो तो अर्धा.

आबांना बाटली दाखवली.
चाळीस वर्षं ज्यांचे हात कोपरापर्यंत रंगात,
आणि रंग सुटू नये ही ज्यांची अख्खी विद्या:
तुरटी किती, मीठ कधी, उकळी कुठवर.
बाईने पदर पाण्यात बुडवून पाहावा
आणि पाणी जसंच्या तसं राहावं,
एवढ्यावर त्यांनी घर चालवलं.
पाणी साफ करायचं म्हणजे काय
हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

बाटली उजेडात धरली. हलवली. हुंगली.
"रंग कथा गया?"

मी गाळणकागद पुढे केला.
त्यांनी ओला भुसा चिमटीत घेतला,
धोतराच्या सोग्यावर घासला, नळाखाली धरला.
सोगा पांढराच.
"पक्का बठना," म्हणाले,
एखाद्या दुसऱ्या रंगाऱ्याच्या कामाबद्दल म्हणतात तसे.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग:
"कापूस रंग धरस,
ते काडी बी धरी.
एकज मायना पोरे शेतस."

हे मी निबंधात लिहिलेलं नाही.
तिथे सामू आहे, भार आहे, आलेख आहे,
आणि शेवटी एक ओळ:
लाल रंगाबाबत निष्कर्ष समाधानकारक नाहीत.
लाल हट्टी आहे. लाल ओटीवर टेकत नाही,
दारातूनच परत जातो.

आणि आबांचा दुसरा प्रश्न,
हात पुसता पुसता विचारलेला:
"आते ह्या निया भुसाले कथा टाकशी?"

जाळला तर धूर. पुरला तर पहिल्या पुरात
बोरीच्याच पोटात.
सध्या तो बरण्यांत आहे, खिडकीशी,
लोटनभाऊंनी चिठ्ठ्या लावल्यात, तारखेसकट.
ऊन आलं की बरण्या दिसतात
दुकानात मांडलेल्या मालासारख्या.

मोरी वाहतेच आहे.
आबांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला,
एका दिवसाच्या पाण्याला किती गाड्या पऱ्हाटी,
आकडा खोडला, परत मांडला.
काल रात्री त्यांनी हिलालअण्णांना फोन लावला.
पाऊसपाणी नाही, भाव नाही, तब्येत नाही,
एवढंच म्हणाले:
"औंदा पेटाडू नका."