मालवण येईपर्यंत

मनामाच्या त्या थेटरात, मशीनच्या खोलीत,
फ्रिजमध्ये दोनच गोष्टी असत:
इस्माईल होडेकरांची तळलेली सुरमई
आणि सिमेंटची बाटली, अंगठ्याएवढी,
झाकणाला ब्रश, नेलपॉलिशला असतो तसा.
पहिल्या रात्री मी विचारलं, हा डिंक का?
ते हसले नाहीत. म्हणाले,
डिंक दोघांच्या मधे बसतो, पोटभाडेकरूसारखा.
हे मधे राहत नाही.
हे दोन्ही टोकं थोडी थोडी विरघळवतं,
एकमेकांत घालतं, आणि उडून जातं.
वास राहतो फक्त, तोही रात्रीपुरता.

फिल्म यायची बारा गावचं पाणी प्यालेली,
कडेची भोकं फाटलेली, मधेच वाळूचा चरा.
तुटली की टोकं सरळ कापायची,
एका टोकावरचं चित्र पात्यानं खरवडायचं
पार तळाच्या काचेसारख्या थरापर्यंत.
खरवडल्याबिगर काही धरत नाही, पोरा.
ब्रशचा एकच हात. दुसरा फिरवलास तर वाया.
आणि दाबून धरायचं.
किती वेळ?
मनगटाला घड्याळ असून ते बोटीची बंदरं मोजत:
हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी,
मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड,
सावकाश, डेकवर निजलेल्यांना एकेक करून उठवावं तसं.
मालवण आलं की अंगठा उचलायचा.
दाभोळला त्यांचा आवाज जरासा रेंगाळे.
तिथे ते तीन वर्षं उतरले नव्हते.

प्रत्येक सांध्यात एखाददुसरं चित्र जाई.
नायिका दारातून आत येई ती दोन पावलं गाळून,
पुढच्या गावी तीन.
खाली पठाण, मल्याळी, आमचे राजापूरचे गवंडी,
तिकिटाचे पैसे मोजून बसलेले.
पावलं कमी पडली म्हणून कुणी कधी ओरडलं नाही.
आवाज गेला की मात्र खुर्च्या वाजत.

ऑगस्टात हवा ओल्या टॉवेलसारखी.
सांध्यावर पांढरी साय धरायची,
होडेकर तो बल्बच्या उबेला धरून बसत
आणि मला म्हणत, तू जा, जेवून घे.

अशाच एका ऑगस्टात कुमुदची कॅसेट आली,
जाकादेवीच्या पोराबरोबर, पापडांच्या डब्यात.
एक बाजू नीट वाजली. दुसरी टेपरेकॉर्डरनं खाल्ली.
मी ती तशीच, आतडं बाहेर आलेली, वर घेऊन गेलो:
जोडा.
त्यांनी पात्यानं खरवडली. सिमेंट लावलं.
हर्णै, दाभोळ, जयगड,
मालवण गेलं, वेंगुर्लं गेलं,
पणजीला पोचून त्यांनी अंगठा उचलला.
टोकं सुटीच.
पॉलिएस्टर, ते म्हणाले,
पंगतीत न जेवता उठणाऱ्या पाहुण्याचं नाव घ्यावं तसं.
हे विरघळत नाही. ह्याला वरून पट्टीच.
मग चिकटपट्टीची सुतळीएवढी चिंधी कापली,
चुरगळलेला दोन बोटं तुकडा काढून टाकला,
चष्मा कपाळावर ढकलून
माशाचा काटा काढावा तसा सांधा बसवला.

'नऊ महिने झाले, तुम्ही आता'
टिच
'बाकी सगळं ठीक. गाय व्याली.'

तो तुकडा मी टाकला नाही.
सिमेंटच्या रिकाम्या बाटलीत गुंडाळून ठेवला,
पासपोर्टच्या पिशवीत, सतरा वर्षं.
होडेकर दाभोळला उतरले की नाही, मला कळलं नाही.
थेटर पाडलं, तेव्हा मी मुहर्रकला दुसऱ्या कामावर होतो.

परत आल्यावर एका दुपारी बाटली उघडली.
वास गेलेला.
तुकडा कुमुदच्या पुढे धरून विचारलं,
ह्यात काय म्हणाली होतीस?
ती तांदूळ निवडत होती.
मी? घरपट्टीचे पाठवा म्हणाले असेन.
एक खडा सापडला, तो तिनं उंबऱ्याबाहेर टाकला.
नाहीतर या म्हणाले असेन.
एवढं कोण लक्षात ठेवतं?