साडेपाचला, साळवी स्टॉपवर

रविवारी टायरमधली हवा बघून घ्यायची,
आणि साडेपाचला पंपाच्या कडेला उभं राहायचं.
माझी शहाण्णवची एस्टीम,
नंदा रहाटेची जिप्सी, जिचा हीटर बारा महिने बंद होत नाही,
आणि यासीनभाई फणसोपकरांची मरून कॉन्टेसा,
जिचा आवाज आधी येतो, मग ती येते,
आणि आली की दीड गाडीची जागा घेते.

मग वाद.
नंदाला आरे-वारे हवा.
आरेचं सुरूबन, पूल, मग तो चढ,
डाव्या हाताचा समुद्र एकदम खाली जातो
आणि पोटातलं काहीतरी पायथ्याशीच राहतं.
मान्य. पण संध्याकाळी तिथे
वळणावळणाला कोणीतरी सूर्य चिमटीत धरून उभं असतं,
पाठ रस्त्याकडे,
आणि त्यांचं पोर रस्त्यात.
तिथे गाडी चालवत नाहीत, मिरवतात.

हायवेचं नाव कोणी काढत नाही.
चार पदरी झाल्यापासून
तिथे नुसतं पोचता येतं.

यासीनभाई बॉनेटवर कपडा फिरवत राहतात,
आणि शेवटी म्हणतात, "भाट्ये."
वाद मिटतो.

पुलाचे सांधे टायरखाली टप् टप्,
काजळीला ओहोटी,
गाळात कुशीवर झोपलेल्या होड्या.
पलीकडे सुरूंची रांग,
आणि खोडांमधून ऊन चालू-बंद, चालू-बंद,
समुद्रावरून कोणी डिपर मारतंय जणू.
झरीनंतर चढ. दुसरा गिअर.
इथे काचा खाली करायच्या,
कारण रस्ता जांभा कापून काढलाय
आणि दोन्ही भिंती इंजिनाचा आवाज
आपलाच आपल्याला परत देतात.
फणसोपला एक हॉर्न, छोटा,
यासीनभाईंच्या बहिणीसाठी.
ती बाहेर येत नाही. पडवीतला दिवा लावते.
मग गोळपचा सडा,
पिवळं गवत, काळा कातळ,
आणि पाचवा गिअर, ज्याची आठवडाभर
ऑफिसच्या रस्त्याला गरजच पडत नाही.

पूर्णगडला चहा.
गाड्या निवताना टिकटिकतात,
आपण त्यांच्याकडे बघत बसायचं,
पोरं झोपल्यावर बघतात तसं.

गेल्या मार्चमध्ये तिथेच
त्यांनी किल्ली बशीशेजारून माझ्याकडे सरकवली.
"परतीला तू घे.
समोरच्याचे दिवे आता फुटलेले दिसतात मला."
एवढंच. चहा संपवला.
माझी एस्टीम नंदाच्या भाच्याने आणली
आणि मला न विचारता आरसे हलवून ठेवले.

कॉन्टेसाचं स्टिअरिंग जड,
विहिरीचा रहाट ओढावा तसं.
ते डावीकडे बसून, डोळे मिटून,
"ब्रेक नको. तिसरा टाक.
पुढचं तिला ठाऊक आहे."
आणि खरंच, तिला ठाऊक होतं.

मे महिन्यात कोल्हापूरच्या कोणी एकाने ती नेली.
तिला खारी हवा सोसत नाही, म्हणाला,
आम्हालाच सांगत होता.
यासीनभाईंनी आंबा घाटात कुठे गरम होईल,
कुठे थांबवून पाणी बघायचं,
सगळं कागदावर लिहून दिलं.
त्याने कागद खिशात घातला. वाचेल असं वाटलं नाही.

आता ते माझ्या गाडीत बसतात.
पट्टा लावतात, सीट मागे घेतात,
एस्टीमबद्दल काही बोलत नाहीत,
आणि त्यातून काय ते कळतं.
नंदा अजून आरे-वारेच म्हणते.

पण झरीनंतरच्या त्या चढाला
त्यांचा डावा पाय
चटईवर काहीतरी दाबतो,
माझ्या पायाच्या अर्धा क्षण आधी,
दर वेळी, नेमका.
मी हल्ली इंजिन ऐकत नाही तिथे.
डोळ्याच्या कोपऱ्यातून
त्यांची चप्पल बघतो
आणि गिअर टाकतो.