रकाना

मिरजोळ्यात मासे गोठवणाऱ्या कारखान्यामागे
तीन टाक्या आहेत. मी तिसऱ्या पाळीचा.
कोळंबी सोलणाऱ्या बायका हात धुतात,
त्या हातांचं पाणी माझ्याकडे येतं:
कवचं, डोकी, गुलाबी फेस
आणि वास, जो लग्नाच्या मांडवातसुद्धा
माझ्या आधी पोचतो.

सकाळी बाहेर पडतं ते नितळ.
साहेब काचेच्या पेल्यात धरून पाहुण्यांना दाखवतात,
पीत मात्र नाहीत.

नोंदवहीत अकरा रकाने.
आम्लता, गाळ, प्रवाह, क्लोरीन… शेवटी सही.
सगळे खाली जाणाऱ्याचे.
वर काय जातं, ते कुणी विचारलं नव्हतं.

लहानपणी ओहोटीला बाबा
खाजणात वल्हं खुपसायचा,
बुडबुडे यायचे भडाभडा.
"चिखलान ढेकर दिलान बग," म्हणायचा
आणि काडी ओढायचा.
पाण्यावर क्षणभर निळी जीभ.

परवा रुबीना मजगावकर आली, कॉलेजातली.
अर्धा कापलेला निळा पिंप
उलटा तरंगत ठेवला हवेच्या टाकीवर,
झोपलेल्याच्या नाकाशी हात धरावा तसा.
सिरिंजने हवा ओढली, बाटल्यांवर वेळ लिहिली.
मिथेन मला ठाऊक होता.
दुसऱ्याचं ऐकून हसूच आलं:
दात काढताना हुंगवतात तो, हसवणारा वायू.
"जंतूंना अर्धपोटी हवा दिली की ते तो सोडतात.
कार्बनच्या पावणेतीनशे पट तापवतो."

अर्धपोटी.
गेल्या मार्चपासून मीच ब्लोअर निम्म्यावर ठेवतो,
रात्री एक ते पाच.
बिल उतरलं. सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली
प्रशस्तिपत्र मिळालं, आणि एक थर्मास.
त्याच थर्मासमधला चहा मी तिला दिला.
चांगला गरम राहतो, म्हणाली.

निकाल महिन्याने येईल.
आज दोन वाजता ब्लोअर पूर्ण सोडला.
टाकी उसळली, पायाखालची जाळी थरथरली,
कुंपणावरचं घुबड उठून गेलं.
सकाळी फोन येईल, युनिटं कुठे गेली म्हणून.

सहीच्या पुढे बोटभर कोरी जागा होती.
पट्टी नव्हती, ओळखपत्राच्या कडेने रेघ मारली.
बारावा रकाना.
मथळा सुचेना.
'ढेकर' लिहिलं. खोडलं.

पाचला फाटक उघडलं.
पहिला ट्रक आला बर्फाचं पाणी गाळत.
पावसकर वॉचमनने हात हलवून ओरडून सांगितलं,
आज माल दुप्पट आहे.